कुंडीतली कोथिंबीर जुडीएवढी का होत नाही?

पाचवा_मजला | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

ठाणे. पूर्वेची बाल्कनी, साडेसात ते साडेदहा थेट ऊन, नंतर नुसता उजेड. दहा इंची गोल कुंड्या, नर्सरीतली तयार माती, किराणा दुकानातले धने. तीन प्रयत्न झाले आणि तिन्हींचा निकाल वेगळा. मे महिन्यात पेरलेले उगवलेच नाहीत. ऑगस्टमध्ये दाट उगवले, बोटभर झाले आणि आडवे पडले. सप्टेंबरअखेरचे वीतभर वाढले, पण कापायच्या आत मधोमध दांडा सुटला आणि बडीशेपेसारखी बारीक पानं यायला लागली.

फ्लॅटमध्ये कोथिंबीर जुडीच्या हिशेबात निघते का, की पोह्यांवर भुरभुरण्यापुरतीच? शेजारच्या कुंडीतला कढीपत्ताही पिवळा पडलाय. पुदिना मात्र माजलाय.

धनेश | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.२५

रुमाल टाकून जागा धरतो. फोटो नाहीत तर फाऊल.

निंबोळी_पेंड | ११ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

तीन प्रयत्न, तीन वेगळी कारणं. एकेक घेऊ.

न उगवणं: मे महिन्यात बाल्कनीतल्या कुंडीची माती दुपारी हाताला चटका देते. कोथिंबीर थंडीचं पीक, मातीचं तापमान २० अंशांच्या आसपास असेल तेव्हा सुखात उगवते. तिशीच्या वर गेलं की उगवण रेंगाळते, अर्धे धने तसेच कुजतात. दुसरा संशय धन्यांवर. दुकानातले धने मसाल्यासाठी असतात, ते किती जुने हे कुणी सांगत नाही. हिरवट, वासाचे, यंदाचे धने घ्या आणि आधी चाचणी करा. २० धने ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवायचे, फडकं ओलसर राहील एवढंच पाणी. दहाव्या दिवशी मोजा. १२ च्या खाली मोड आले तर ते धने फोडणीच्या डब्यात, कुंडीत नाही.

धन्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया चिकटलेल्या असतात. पोळपाटावर पसरून लाटणं हलक्या हाताने एकदा फिरवा, दाण्याचे दोन भाग सुटे झाले पाहिजेत. भरड झाली तर जोर जास्त झाला. मग ८ ते १० तास भिजवून, निथळून पेरायचं. खोली एक ते दीड सेंटीमीटर, त्याहून खोल नाही.

आडवं पडणं: याची दोन कारणं आणि दोन्हींचा उपाय उलट. पडलेलं एक रोप उपटून मातीलगतचा देठ बघा. तिथे देठ दोऱ्यासारखा चिमटलेला, तपकिरी, पाणचट असेल तर ती बुरशी, म्हणजे रोपं कोलमडण्याची मर. देठ शाबूत पण पांढरट, लांबुडका असेल तर उजेड कमी पडला.

दांडा सुटणं: ऑक्टोबर हीट, शिवाय दाटी, शिवाय मध्ये एखादा दिवस पाणी चुकलं असणार. जीव धोक्यात आहे असं वाटलं की ती बी धरायच्या मागे लागते. एकदा दांडा सुटला की शेंडा खुडून ती परत पानांवर येत नाही. ती कुंडी फुलांसाठी आणि हिरव्या धन्यांसाठी सोडून द्या. हिरव्या धन्यांची चटणी पानांपेक्षा सरस होते, हे अवांतर.

कोकणी_आंबट | ११ नोव्हेंबर, दुपारी १२.०५

बहुतेक सगळ्याला अनुमोदन, फक्त भिजवण्याबद्दल मतभेद. धने फोडले असतील तर पावसाळी दमट हवेत भिजवायची गरज नाही. भिजवलेले धने ओल्या मातीत गेले की बुरशीला आयतं जेवण. जून ते सप्टेंबर कोरडेच पेरा. हवा कोरडी असलेल्या दिवसांत भिजवा.

उघड्यावर पेरणार असाल तर पावसाळ्यात पेरूच नका. पागोळीच्या थेंबाने दोन इंची रोप मातीत रुततं. छपराखाली असेल तर चालेल. खरा हंगाम दसरा ते शिवरात्र, म्हणजे आता लगेच पेरा.

पाचवा_मजला | ११ नोव्हेंबर, दुपारी १.३०

ऑगस्टच्या कुंडीच्या फोटोत देठ लांबुडके, पांढरट दिसताहेत, चिमटलेले नाहीत. म्हणजे उजेड. पण बाल्कनी काही फिरवता येत नाही.

निंबोळी_पेंड | ११ नोव्हेंबर, दुपारी १.५०

पेरल्यावर वर पोतं किंवा वर्तमानपत्र झाकलं होतं का? ओल टिकायला ते बरं, पण पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी काढायचं. दोन दिवस उशीर झाला तरी देठ लांबतो, आणि लांबलेला देठ नंतर आखडत नाही. अशा रोपांना पानांच्या खालपर्यंत भुसभुशीत मातीची भर द्या, निम्मी तरी सावरतात.

गच्चीवाला | ११ नोव्हेंबर, दुपारी ३.१५

बाल्कनी फिरवता येत नाही पण सूर्य फिरतो, तो हिशेब मांडा. ठाणे १९ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत त्या दिवसांत दुपारचं थेट ऊन येतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून ४७ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या बाल्कनीत भिंतीपर्यंत ऊन पोचतं. कोथिंबिरीला नेमकं तेच हवं. दक्षिणेची खिडकी असेल तर थंडीत तिकडे हलवा.

पूर्वेचं तीन तासांचं ऊन थंडीत चालून जातं, फक्त ते पानांवर पडलं पाहिजे. बहुतेक बाल्कन्यांत कुंडी जमिनीवर असते आणि कठड्याची सावली पहिला तासभर खाते. दोन फुटी स्टुलावर ठेवा. मागे पांढरा रंग किंवा पांढरा फ्लेक्स असला तरी फरक पडतो. ग्रिलच्या बाहेर मात्र काही टांगू नका, पाच मजले खाली लोक चालतात.

मिरची_कमी | ११ नोव्हेंबर, सायंकाळी ५.४०

एवढ्या खटाटोपापेक्षा भाजीवाल्याकडे मिरच्या घेतल्या की कोथिंबिरीच्या काड्या फुकट मिळतात. गंमतीत घ्या.

धनेश | ११ नोव्हेंबर, सायंकाळी ५.४५

जुलैत मागून बघा फुकट. भाजीवाला मिरच्यापण परत घेईल.

खोक्यातली_बाग | ११ नोव्हेंबर, रात्री ९.२०

जुडीचा प्रश्न कुंडीच्या तोंडात अडकलाय, त्याकडे कुणी बघितलं नाही.

दहा इंची गोल कुंडीचं तोंड म्हणजे साधारण ४९० चौरस सेंटीमीटर. कोथिंबिरीला खोली फारशी लागत नाही, सहा इंच पुरते. लागतो पसारा. ३० बाय ४५ सेंटीमीटरचा फळांचा क्रेट किंवा ट्रे घेतला तर १३५० चौरस सेंटीमीटर मिळतात, म्हणजे पावणेतीन कुंड्या. क्रेट असेल तर आत शेडनेट किंवा जुनी तांदळाची गोणी अंथरा. थर्माकोलचा खोका असेल तर तळाला पेन्सिलएवढी आठ-दहा भोकं.

लोक मूठभर धने टाकतात आणि मग दाटीने रडतात. दोन सेंटीमीटरवर एक रोप, दोन ओळींत अडीच सेंटीमीटर, या हिशेबाने वरच्या ट्रेला पावणेतीनशे रोपं. त्याला चहाचे दोन सपाट चमचे धने भरपूर झाले, कमी उगवण धरूनही. मूठ नको. पट्टीने चर ओढा, फोकून टाकू नका. ओळ असली की विरळणी जमते, आणि ओळीबाहेर उगवलेलं ते तण हे न शिकता कळतं. पावणेतीनशे चांगली रोपं म्हणजे बाजारातली एक ते दीड जुडी.

मिश्रण घमेल्याने मोजा: ४ माती, ३ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), २ गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, १ जाड वाळू. दहा लिटर मिश्रणाला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट विटेत येतं त्यात क्षार असतात. बादलीत फुगवून पिळा, पाणी चहासारखं दिसेल, ते फिकट होईपर्यंत दोन-तीनदा पाणी बदला. हे न करता पेरलं तर पानांच्या कडा करपतात आणि दोष पाण्याला जातो.

पुण्याकडची काळी माती वापरणार असाल तर वाळू दुप्पट करा. वाळली की ती भेगाळते आणि मुळं तोडते. भरलेला ओला ट्रे २० किलोच्या आसपास जातो, स्टूल मजबूत घ्या.

आजीची_परसबाग | १२ नोव्हेंबर, सकाळी ८.००

तळाला विटांच्या तुकड्यांचा थर राहिला सांगायचा. त्याशिवाय पाणी तुंबतं.

खोक्यातली_बाग | १२ नोव्हेंबर, सकाळी ८.३५

तो थर मुद्दाम सांगितला नाही, कारण त्याने पाणी लवकर निघत नाही. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा. न पिळता आणखी पाणी गळेल. उंची वाढली की पाणी जास्त निथळतं. विटांचा थर घातला की मातीची उंची घटते आणि ओलाचिंब पट्टा तळाऐवजी विटांच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ बसतो. भोक बुजू नये म्हणून खापराचा एक तुकडा किंवा जाळीचा चौकोन पुरे.

आजीची_परसबाग | १२ नोव्हेंबर, सकाळी ८.५०

स्पंजाचं करून पाहिलं. गळतंय खरं. पण मोठ्या कुंडीत कढीपत्त्याला चालतोच की थर.

खोक्यातली_बाग | १२ नोव्हेंबर, सकाळी ९.००

दोन फूट खोल कुंडीत चालून जातो, कारण मुळांना वर जागा उरते. सहा इंची ट्रेमध्ये परवडत नाही.

ताकपिती | १२ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

कढीपत्त्यावर कुणी बोलेना. आंबट ताक घाला, आठवड्यात हिरवागार.

निंबोळी_पेंड | १२ नोव्हेंबर, सकाळी ११.४५

ताकाआधी पान बघा. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडून गळत असतील तर नत्र कमी, पाणी जास्त किंवा नुसती थंडी. कढीपत्ता थंडीत झोपतो. तेव्हा त्याला खत पाजणं म्हणजे झोपलेल्याला जेवण भरवणं.

लोहाचं म्हणाल तर बहुतेक वेळा ते मातीत असतं, पण बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि मुळांना ते घेता येत नाही. ताकातल्या आम्लाने थोडा वेळ फरक पडतो, पण महिनोन् महिने साचलेल्या चुन्यापुढे वाटीभर ताकाचं काही चालत नाही. ताक पातळ न करता घातलं तर वर पांढरी बुरशी, वास, चिलटं, मुंग्या. घालायचंच तर एकाला दहा पाणी, महिन्यातून एकदा, आणि मीठ घातलेलं मठ्ठ्याचं ताक तर मुळीच नको.

हमखास उपाय चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं. पाकिटावरची अक्षरं वाचा. ईडीटीए असेल तर अल्कधर्मी मातीत टिकत नाही, ते पानांवर फवारा, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. ईडीडीएचए असेल तर मातीत घाला, कुंडीला एक-दोन ग्रॅम लिटरभर पाण्यातून. त्याने पाणी गडद लाल होतं, घाबरू नका. स्वस्तातलं हवं तर हिराकस (फेरस सल्फेट), लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी फवारा. फवारल्यावर आठवडाभर पानं खुडू नका, नंतर धुऊन घ्या.

ताकपिती | १२ नोव्हेंबर, दुपारी १२.०५

म्हणजे ताक आपणच प्यायचं. ठीक.

अळीबाणी | १२ नोव्हेंबर, दुपारी २.३०

कढीपत्ता निघालाच आहे तर दोन गोष्टी. रोप फूटभर झालं की शेंडा खुडा, नाहीतर एकच काठी छतापर्यंत जाते. आणि पान ओरबाडू नका, अख्खी डहाळी कात्रीने कापा. कापल्या जागी दोन फुटवे येतात. कळ्या आल्या तर त्याही काढा, फळं धरली की पानं थांबतात.

रोप बियांपासून करणार असाल तर पिकलेली काळी फळं त्याच आठवड्यात गर धुऊन पेरा. बी वाळवून बरणीत ठेवलं की मेलं. फांदी बहुधा लागत नाही. मोठ्या झाडाच्या मुळातून आलेलं पिलू मुळासकट काढून लावणं जास्त खात्रीचं.

पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही हलताना दिसलं तर ती फुलपाखराची अळी, लिंबाच्या फुलपाखराची किंवा कॉमन मॉर्मनची. मोठी झाली की हिरवी होते आणि बोट लावलं की डोक्यामागून लालसर शिंगं काढून उग्र वास सोडते. दोन फुटी रोप चार अळ्या तीन दिवसांत फस्त करतात. मारायची नसेल तर खालच्या लिंबाच्या झाडावर सोडा, ती तिथेही जेवते. पानांच्या कडेला मोत्यासारखी पिवळसर अंडी दिसली तर तेव्हाच काढणं सोपं.

बर्फातली_तुळस | १२ नोव्हेंबर, रात्री ११.५०

परदेशातल्या मंडळींसाठी भर. कढीपत्त्यावरचा सिला हा बारीक कीटक संत्र्या-मोसंब्यांत ग्रीनिंग रोग पसरवतो. म्हणून कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टेक्सास इथे क्वारंटाइन भागातून रोप बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. मैत्रिणीकडून गाडीत घालून आणण्याआधी नियम बघा, आणि भारतातून सामानात तर नकोच. घरात थंडीत पानं गळली तर मेलं समजू नका. देठाची साल नखाने खरवडा, आत हिरवं असेल तर पाणी कमी करून वाट बघा.

कोथिंबिरीला मात्र उत्तरेकडच्या थंड देशांतली हवा मानवते. मार्च-एप्रिल आणि ऑगस्टअखेर पेरा. जूनमध्ये दिवस सोळा तासांचा झाला की ती फुलावर जाते, थंडी असली तरी. सुपरमार्केटातल्या बेसिलच्या कुंडीत वीसेक रोपं कोंबलेली असतात, म्हणून ती पंधरवड्यात माना टाकतात. आणल्या दिवशीच माती ओली करून चार कुंड्यांत वाटा.

कोकणी_आंबट | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

बेसिल निघालं म्हणून: दुकानातला सब्जा पेरला तर उगवतो आणि ते बेसिलचंच भावंड आहे. पण वास तुळशीकडे झुकणारा, लवंगी. पेस्टोची अपेक्षा ठेवू नका, कॉर्नच्या सूपमध्ये छान लागतो.

पावसाळ्यात कोथिंबीर जमत नसेल तर लांब पानांची कोथिंबीर लावा. शास्त्रीय नाव एरिंजियम फीटिडम, बंगालात आणि ईशान्य भारतात घरोघरी असते. वितीएवढं करवती कडेचं पान, वास कोथिंबिरीच्या दुप्पट, शिजवल्यावरही टिकतो. तिला सावली, दमट हवा, उकाडा सगळं चालतं, म्हणजे आपली कोथिंबीर ज्याला कंटाळते ते सगळं. मधून काटेरी दांडा आला की मुळाशी कापायचा. बी अगदी बारीक, मातीवर भुरभुरून नुसतं दाबायचं, झाकायचं नाही, उगवायला तीन-चार आठवडे लागतात.

मिरची_कमी | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

कोथिंबिरीच्या धाग्यावर काटेरी कोथिंबीर. आता निवडुंगाची भजी येऊ द्या.

आजीची_परसबाग | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

भजीला पानओवा असतोच. तो खरा ओवा नव्हे, पण फांदी खोचली की आठवड्यात लागते. फक्त पाणी कमी, देठ कुजतो.

उतावळ्यांसाठी समुद्रमेथी. मुंबईत मुळांसकट बोटभर जुड्या मिळतात ती. धुतलेल्या वाळूचा चार बोटं थर, मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पसरायचे, वर बोटभर वाळू, रोज पाणी. दहा-बारा दिवसांत उपटून काढायची. खत नको, दाण्यातलंच पुरतं. वाळू समुद्रावरची आणलीत तर मीठ जाईपर्यंत धुवा.

पाचवा_मजला | १३ नोव्हेंबर, दुपारी १.००

पुदिना माजलाय म्हटलं होतं, आज बघितलं तर मध्ये टक्कल आणि सगळी पानं कडेला. हे काय?

गच्चीवाला | १३ नोव्हेंबर, दुपारी २.२०

तो धावत सुटतो. आडव्या मुळ्या कुंडीच्या भिंतीला लागल्या की गोल फिरतात आणि मधला जुना भाग मरतो. अख्खा गड्डा उलटा करून काढा, मधला लाकडी भाग टाका, कडेच्या पांढऱ्या मुळ्यांचे चार-चार इंचांचे तुकडे नव्या मातीत इंचभर खोल आडवे ठेवा. वर्षातून एकदा हे करायचंच. दुसऱ्या कुणाबरोबर एका कुंडीत ठेवू नका, शेजाऱ्याला गिळतो. पानांवर बारीक पांढरे ठिपके आणि खाली जाळी दिसली तर लाल कोळी ही कीड. आंघोळीच्या फवाऱ्याने पानांची खालची बाजू तीन-तीन दिवसांनी धुवा. नीम तेल मारायचं तर लिटरला ५ मिली, आधी दोन थेंब भांड्याच्या साबणात घोटून, नाहीतर तेल वर तरंगतं.

पाचवा_मजला | २१ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

फडक्यातली चाचणी झाली. जुन्या डब्यातल्या २० धन्यांपैकी ४ ला मोड. नवीन हिरवट धन्यांपैकी १५. ट्रे भरलाय, दक्षिणेच्या खिडकीत स्टुलावर. कापायची कशी आणि किती वेळा ते सांगा, की तेव्हाही दांडाच सुटणार?

खोक्यातली_बाग | २१ नोव्हेंबर, सकाळी ९.००

१५ म्हणजे उत्तम. पेरल्यापासून ३५ ते ४५ दिवसांत वीतभर होईल. उपटू नका. मधला कोवळा कोंब सोडून बाहेरची पानं मातीपासून दोन बोटं वर कात्रीने कापा. त्या दिवशी शेणपाणी, एकाला दहा. तीन आठवड्यांनी दुसरी कापणी मिळते. तिसरीची वाट बघू नका, पान कडक होतं. तेव्हा मुळासकट उपटा, मुळं धुऊन वाटणात घाला. पुन्हा कापायला चांगलं बियाणं हवं असेल तर कृषी केंद्रात पंत हरितमा ही जात मागून बघा, पानांसाठी आणि धन्यांसाठी दोन्हीला चालते.

आणि एकाच ट्रेवर थांबू नका. कोथिंबीर ही लावायची गोष्ट नाही, पेरत राहायची गोष्ट आहे. याच्यानंतर बारा दिवसांनी दुसरा ट्रे, मग तिसरा. चौथा पेरायच्या वेळी पहिला कापायला आलेला असतो. तीन-चार ट्रे आणि फेब्रुवारीपर्यंतची थंडी, एवढ्यात घरच्या जुडीचा हिशेब बसतो. मार्चनंतर बाजार आहेच.

पाचवा_मजला | २१ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

दुसऱ्या ट्रेला जागा म्हणजे चपलांचं कपाट हलवावं लागेल. हलवते. त्या ४ मोडवाल्या धन्यांचं काय करू, पाव किलो उरलेत.

मिरची_कमी | २१ नोव्हेंबर, सकाळी ९.२२

भाजा, कुटा, आमटीत. वरून कोथिंबीर जानेवारीत.